जपून ठेवलेली नजर

आमच्या घरी सुईत दोरा ओवायचं काम आपाकडे असे. तालुक्याच्या गावी अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि काज-बटणाचं, हातशिलाईचं काम घरी यायचं. आपा सुई अगदी नाकाच्या शेंड्याशी धरायची, मान थोडी तिरकी करायची आणि दोरा आरपार. जाड भिंगाचा चष्मा लावूनही फळ्यावरचं मात्र तिला दिसत नसे. १९७६ साली ती चौथीत होती. अब्बांनी तिला जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ‘नजर मुळातच कमी आहे. लिहून-वाचून ताण पडला तर आहे तीही जाईल. शाळा बंद करा, नजर जपा.’

आपाची शाळा सुटली. काज-बटण आणि तांदूळ निवडणं सुटलं नाही. त्यानं डोळ्यांवर ताण पडतो, असं कुणाला वाटलं नाही.

पुष्कळ वर्षं माझा त्या डॉक्टरांवर राग होता. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. डोळ्यांच्या शास्त्रात माझा अधिकार नाही. पण या विषयाचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की ते डॉक्टर एकटे नव्हते. त्यांच्या पाठीशी अर्धशतकाची परंपरा उभी होती.

लंडनच्या कॅम्बरवेल भागात १९०८ साली एक वेगळी शाळा निघाली. ज्यांच्या चष्म्याचा मायनस नंबर फार मोठा, अशा मुलांसाठी. तिच्यामागे जे लोक होते त्यांत एक बिशप हार्मन. नावात बिशप असलं तरी गृहस्थ धर्मगुरू नव्हते, नेत्रतज्ज्ञ होते. या शाळेत धडे बहुतेक तोंडी. पुस्तकाशी संबंध शक्य तितका कमी. लिहायचं ते फळ्यावर, हात लांब करून, खडूनं, मोठ्या अक्षरात. १९१३ साली अमेरिकेत बॉस्टन आणि क्लीव्हलंड इथे याच धर्तीचे वर्ग निघाले, आणि पुढे त्यांना ‘साइट सेव्हिंग क्लास’ म्हणजे नजर वाचवण्याचे वर्ग हेच नाव पडलं. नजर म्हणजे जणू रांजणातलं पाणी. उपसलं की तळ दिसणार. या वर्गांनी काहीच चांगलं केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मोठ्या टाइपाची पुस्तकं तिथूनच पुढे आली. क्लीव्हलंडच्या वर्गांमागचे रॉबर्ट आयर्विन स्वतः लहानपणापासून अंध होते आणि कोणता टाइप मुलांना बरा वाचता येतो, याचे प्रयोग त्यांनी करवले.

ज्यांची नजर याहून कमी, त्यांची रवानगी अंधशाळेत. तिथे ब्रेल. गंमत अशी, की यातली बरीच मुलं ब्रेलचे टिंब बोटांनी न वाचता डोळ्यांनीच वाचत. मग शिक्षक काय करीत? मुलांच्या गळ्याला कापड बांधून हात झाकून टाकीत. जे दिसतंय ते पाहायचं नाही, ही तिथली शिस्त!

हा समज हलवला तो नॅटली बॅरागा या शिक्षिकेनं. टेक्सासच्या अंधशाळेतल्या, थोडीफार नजर शिल्लक असलेल्या मुलांना तिनं रोज, सुमारे दोन महिने, पाहायला शिकवलं. आकार, चित्रं, त्यांतले फरक, मग अक्षरं. १९६४ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या डोळ्यांचा तक्त्यावरचा आकडा होता तिथेच राहिला. पण तेवढ्याच नजरेत मुलं पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक ओळखू लागली. पाहणं हे काही अंशी शिकण्याचं काम आहे. लहानपणी सतत जवळचं पाहणं आणि वाढता नंबर यांचा संबंध आजही अभ्यासला जातो, मुलांना उन्हात खेळू द्या असं सांगितलं जातं. पण उरलेली नजर वापरल्यानं संपते, हा समज मागे पडला. बॅरागाचं काम प्रसिद्ध झालं तेव्हा आपाचा जन्मही झाला नव्हता. आमच्या जिल्ह्यापर्यंत ते पोचायला किती वर्षं लागली, हे तुम्हीच ताडा.

आता जरा तक्त्याविषयी. डोळे तपासायला गेल्यावर भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो ना, तो युट्रेख्टच्या हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली केला. ६/६० म्हणजे काय, तर धडधाकट नजरेला जे अक्षर साठ मीटरवरून ओळखतं, ते या माणसाला सहा मीटरवर यावं तेव्हा ओळखतं. तक्ता नामी आहे, पण चांगल्या नजरेच्या माणसासाठी. खाली बारीक अक्षरांची गर्दी आणि वर, जिथे कमी नजरेच्या माणसाची खरी परीक्षा, तिथे एखाद-दुसरंच अक्षर. ते वाचलं तर ठीक, नाहीतर डॉक्टर बोटं मोजायला लावणार. ही खोट दूर करणारा तक्ता मेलबर्नच्या इयन बेली आणि जॅन लव्ही यांनी केला. प्रत्येक ओळीत पाचच अक्षरं, आणि ओळी सारख्या प्रमाणात लहान होत जाणाऱ्या. साल पुन्हा १९७६.

आपल्याकडे अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तोही १९७६ सालीच. त्यात ६/६० पेक्षा कमी नजर म्हणजे अंध, अशी व्याख्या २०१७ पर्यंत होती. मग ती ३/६० वर आली. मधल्या काळात १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यानं ‘अल्पदृष्टी’ हा वेगळा वर्ग मानला. उपचार आणि चष्म्यानंतरही नजर अधू, पण योग्य साधनानं ती कामासाठी वापरता येते किंवा येऊ शकेल, अशी व्यक्ती. २०१६ च्या कायद्यात ही व्याख्या पुन्हा आकड्यांत गेली. दाखल्यासाठी आकडे सोयीचे, हे मान्य. तरी मला १९९५ चीच व्याख्या अधिक माणसाळलेली वाटते. माणूस काय करू शकेल, असं ती विचारत होती.

हाच प्रश्न हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतून विजया गोठवाल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत आहे. सहकाऱ्यांत तक्त्यावाल्या जॅन लव्ही होत्याच. आपल्याकडच्या शाळकरी मुलांसाठी एकोणीस प्रश्न. पहिल्या बाकावरून फळ्यावरचं उतरवून घेता येतं का? बसचा नंबर वाचता येतो का? हात न लावता एक आणि दोन रुपयांचं नाणं वेगळं ओळखतोस का? ताटातलं जेवण सापडतं का? आणि त्यांत एक प्रश्न असा, की सुईत दोरा ओवता येतो का?

तो वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

काही वर्षांपूर्वी आपाला एका मोठ्या शहरातल्या अल्पदृष्टी केंद्रात घेऊन गेलो. तिथल्या मुलीनं तक्ता जवळ आणून तपासलं, उजेड बदलून तपासलं, उन्हात त्रास होतो का विचारलं. मग म्हणाली, ‘मावशी, दिवसभर काय काय करता?’ आपानं काज-बटणाचं सांगितलं. मुलीनं खरंच सुई-दोरा पुढे केला. पुढचं सांगायला नको.

तिनं आपाला पायांवर उभं राहणारं भिंग दिलं आणि मधोमध फट पाडलेला काळा पुठ्ठा. ओळीवर ठेवला की तेवढीच ओळ दिसते, बाकीचा चकाकणारा पांढरा कागद झाकला जातो. न्यूयॉर्कच्या चार्ल्स प्रेंटिस यांनी १८९७ साली ही युक्ती मांडली होती. खर्च म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही.

मग वाचनाचा मराठी कागद समोर आला. आपा एकेक अक्षर उच्चारत गेली. जोडाक्षराशी थांबली. मुलीला वाटलं, अक्षर लहान पडतंय. तिनं मोठ्या टाइपाचा कागद ठेवला. आपा तिथेच थांबली. मुलीनं दिवा जवळ ओढला.

आपा म्हणाली, ‘दिसतंय गं पोरी. येत नाही.’

परतताना मी एस. टी. स्टँडबाहेरच्या दुकानातून चौथीचं पुस्तक घेतलं. तिनं ते उघडून पाहिलं आणि दुसरीचं आणायला सांगितलं. आता दुपारची कामं उरकली की ती खिडकीपाशी पुठ्ठा घेऊन बसते. परवा फोनवर तक्रार करत होती, की ‘ज्ञ’ मध्ये ‘ज’ कुठे आहे, ते तिला काही केल्या सापडत नाही.