डबल क्लच

परवा नातवाने नवी गाडी आणली. बसून पाहिलं तर पायाशी दोनच पायडल. "क्लच कुठंय रे?" म्हटलं, तर हसला. "आजोबा, गिअर आपण टाकायचाच नाही. तीच टाकते." २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर ही सोय आपल्याकडे स्वस्तात मिळायला लागली, हेही त्यानेच सांगितलं. गाडी छानच आहे. पण बसल्या बसल्या माझा डावा पाय आपोआप दाबला गेला, दोनदा. दोनदाच का, ते सांगायचं तर १९७२ सालात जावं लागेल.

बी.ए. होऊन घरी बसलो होतो. पाऊस आधीची दोन वर्षंही धड नव्हता, त्या वर्षी तर पाठच फिरवली. सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याकडे एका पाझर तलावाच्या कामावर मी मस्टर कारकून म्हणून लागलो. पुढे मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती म्हणतात. आमच्या कामावर काही शे. पाट्या, फावडी, खायला मिलो आणि सुकडी. ज्यांनी ती सुकडी खाल्ली आहे त्यांना तिची चव सांगायला नको, आणि ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगून कळणार नाही.

कामावर यंत्रं फारशी नसत, आणि ते मुद्दामच होतं. हेतू बांध लवकर व्हावा हा नव्हता, माणसांच्या हाताला काम मिळावं हा होता. एक टिप्पर मात्र होता. लांबून दगड आणायला, पाण्याचे पिंप आणि सुकडीची पोती आणायला. बायकांना तो आवडत नसे. "ह्यो भरून आला की आमच्या दोनशे पाट्या गेल्या," असं एकीने मला तोंडावर सांगितलं होतं. हिशेब चुकीचा नव्हता. मजुरी मोजणीवर होती.

टिप्पर होता लढाईतला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी फोर्ड आणि शेवरोलेच्या कारखान्यांत लाखांनी लष्करी ट्रक बनवले. चपट्या नाकाचे, पुढची काच वरून बाहेर आणि खालून आत झुकलेली. विमानातून पाहणाऱ्याला काचेवरची चमक दिसू नये म्हणून तशी! लढाई संपली आणि यातले कितीतरी 'डिस्पोजल'मध्ये विकले गेले. टाटांचे मर्सिडीजचा तारा लावलेले ट्रक १९५४ पासून निघायला लागले, तोवर आणि नंतरही कित्येक वर्षं हे डिस्पोजलचे गाडे देशभर मालाच्या आणि माणसांच्या खेपा करत होते. आमच्या गाड्यावर कुणीतरी मागाहून हौदा बसवला होता. इंजिन अर्धं केबिनमध्येच घुसलेलं. उन्हाळ्यात डावी मांडी भाजून निघायची.

ड्रायव्हरमामा लढाईत गाडी शिकले होते. मला ते 'बीए' म्हणत. काम सुटल्यावर रिकाम्या गाडीवर त्यांनी मला बसवायला सुरुवात केली. त्या आधी मी मित्राच्या वडिलांची ॲम्बॅसॅडर थोडी चालवली होती, त्यामुळे आपल्याला येतं असा माझा समज! पहिल्याच दिवशी गिअरचा असा कर्कश्श आवाज निघाला की लांबचे बैल उधळले.

त्याचं कारण मला फार पुढे, शाळेच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात समजलं. गिअरबॉक्समध्ये वेगवेगळ्या गतीने फिरणारी दातेरी चाकं असतात. १८९० च्या सुमारास फ्रान्समध्ये एमिल लव्हासोर यांनी ती दांड्यावर सरकवून एकमेकांत अडकवायची पद्धत मोटारीत आणली. पद्धत रांगडी आहे पण चालते, असं ते स्वतःच म्हणाल्याचं सांगतात. दोन चाकांचा वेग जुळला नसेल तर दात दातावर आपटणार. मग १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत अर्ल थॉम्प्सन यांची युक्ती आली: दात भिडण्याआधी पितळी कड्यांसारखे भाग घासून वेग आपोआप जुळवतात. ॲम्बॅसॅडरमध्ये ती सोय पहिला सोडून वरच्या गिअरांना होती. आमच्या लष्करी गाड्यात कशालाच नव्हती. तिथे वेग जुळवायचा तो माणसाने, कानाने.

म्हणून डबल क्लच. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा. वर जाताना इंजिन मंदावेपर्यंत क्षणभर थांबायचं, पुन्हा दाबून गिअर टाकायचा. खाली येताना उलट. क्लच सोडलेला असताना न्यूट्रलमध्येच रेस द्यायची, म्हणजे आतली चाकं जोरात फिरतात, आणि मग दाबून गिअर. पहिला गिअर फक्त भरल्या गाडीला चढावर, रिकामी गाडी दुसऱ्यातच उचलायची. "आवाज ऐक, हात आपोआप जातो," मामा म्हणायचे. माझा हात जायचा, पण आवाजाच्या आधी.

मार्चमध्ये एका संध्याकाळी मामांना हुडहुडी भरून आली. तालुक्याला दवाखान्यात न्यायला दुसरं वाहन नव्हतं. लायसन नसलेला मी बसलो, शेजारी घोंगडी पांघरून मामा. ओढ्याकडे उतरणारा रस्ता, आणि त्या रस्त्याने काम सुटलेली माणसं ओळीने घरी चाललेली. तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो. न्यूट्रल झाला, दुसरा जाईना. किर्रर्र. पुन्हा तेच. गाडी मोकळी सुटली. ब्रेकवर उभा राहिलो तर ब्रेक नुसता वास मारायला लागला. हॉर्नवर हात ठेवून बसलो. माणसं बाभळीत उड्या टाकत होती.

मामांचा तापलेला हात माझ्या हातावर आला. "क्लच सोड की. रेस दे. आजून दे... आता दाब." दुसरा गिअर पडला, आवाजसुद्धा न करता. गाडीने हिसका दिला, इंजिन ओरडलं आणि आम्ही ओढ्यात सावकाश पोचलो.

मी मागे पळत गेलो. एक बाई पोराला घेऊन दगडावर पडली होती. पोराला खरचटलंही नव्हतं, तिचा गुडघा मात्र फुटला होता. दोनशे पाट्यांचा हिशेब सांगणारी तीच. मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "आधी त्यास्नी घिऊन जावा, मानूस तापानं फणफणलंय." तिला आणि पोरालाही गाडीत घ्यायला हवं होतं, हे मला ओढा ओलांडल्यावर सुचलं.

पुढचे अकरा दिवस ती कामावर आली नाही. मस्टरवर मी तिची रोज हजेरी लावली. ते खोटं होतं, आणि पकडलो गेलो असतो तर नोकरी जाण्यावर निभावलं नसतं. शिवाय मोजणी टोळीची असल्याने तिच्या हजेरीचे पैसे प्रत्यक्षात टोळीतल्या बाकीच्या बायकांच्या घामातून जात होते, माझ्या खिशातून नव्हे. त्यांना ते कळत होतं. कुणीही तक्रार केली नाही. माझ्या त्या दयेचा हिशेब मला आजही नीट लावता येत नाही.

१९७३ ला पाऊस चांगला झाला. कामं बंद झाली. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ साली विधिमंडळात झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला, तोवर मी शाळेत इतिहास शिकवत होतो. मामा हिवतापातून बरे झाले आणि कुठल्याशा धरणाच्या कामावर गेले. पुन्हा भेट नाही.

शेवटच्या पगाराच्या दिवशी ती बाई मस्टरवर अंगठा उठवायला आली. शाई पुसता पुसता म्हणाली, "सायब, शिकला का गाडी?"

"नाही," म्हणालो. लायसन मी पुढेही कधी काढलं नाही.