कर्टन बँग्ज

कर्टन बँग्ज : कपाळावर मधोमध दुभागून दोन्ही गालांकडे उतरत जाणाऱ्या आखूड केसांची ठेवण. भांगाजवळचे केस सर्वांत आखूड, साधारण नाकाच्या दांड्यापर्यंत येणारे; तिथून कानाकडे जाताना लांबी वाढत वाढत गालफडांपर्यंत किंवा हनुवटीपर्यंत पोचते आणि पुढे मागच्या केसांत मिसळून जाते. खिडकीचा पडदा दोहोंकडे सारून बांधावा तसा हा आकार दिसतो, म्हणून हे नाव. मराठीत कपाळावर रुळणाऱ्या केसांना झुलपे म्हणतात. पार्लरमध्ये मात्र ‘फ्रिंज’ किंवा नुसते ‘पुढचे थोडे कापा’ एवढ्यावर काम भागते.

भुवयांवर आडव्या रेषेत कापलेली सरळ फ्रिंज आणि ही ठेवण यांत मोठा फरक आहे. सरळ फ्रिंजमध्ये दोन-तीन मिलिमीटरची चूकही लगेच डोळ्यांत भरते. कर्टन बँग्जमध्ये मुळात सरळ रेषाच नसते. मध्ये भांग असल्यामुळे डाव्या-उजव्या बाजूंची गाठ पडत नाही आणि अगदीच बिघडले तर केस कानामागे सारता येतात. घरच्या आरशासमोर कापण्याजोग्या फार थोड्या केशरचनांपैकी ही एक आहे. सरळ फ्रिंज मात्र घरी कापू नये.

पूर्वपीठिका : ही ठेवण जगभर ओळखीची झाली ती फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो हिच्यामुळे. डोक्यावर उंच फुगवलेले केस आणि कपाळाच्या दोन्ही अंगांना सुटलेल्या दाट बटा हे १९६० च्या दशकात तिचे ठरलेले रूप होते. पुढच्या दशकात अमेरिकेत फॅरा फॉसेटने ‘चार्लीज एंजल्स’ (१९७६) या मालिकेत चेहऱ्यापासून मागे उडवलेले थर लोकप्रिय केले. आजच्या कर्टन बँग्जमध्ये कापणी बार्दोची आणि बाहेरचा झोक फॉसेटचा, असे मिश्रण दिसते.

हिंदी चित्रपटातला ‘साधना कट’ पुष्कळदा याच खात्यात टाकला जातो, पण तो वेगळा. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) या चित्रपटासाठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी साधनाचे रुंद कपाळ झाकण्याकरिता ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर तिचे पुढचे केस कापवून घेतले. ती कपाळ झाकणारी फ्रिंज होती, मधून दुभागलेली नव्हे. तिची लाट इतकी पसरली की पुढच्या पिढ्यांत ज्यांनी तिचा एकही चित्रपट पाहिला नाही त्यांच्याही तोंडी ‘साधना कट’ राहिला. पुरुषांच्या वाट्याला दुभागलेले झुलपे आले तेव्हा त्यांना कुणी फ्रिंज म्हटले नाही. ‘आशिकी’ (१९९०) मधला राहुल रॉय आणि ‘तेरे नाम’ (२००३) मधला सलमान खान यांचे मधल्या भांगाचे, कपाळावर दोहोंकडे येणारे केस हे याच घराण्यातले. ‘तेरे नाम’ कटाने तर गावोगावच्या सलूनवाल्यांना बराच काळ काम पुरवले आणि शाळामास्तरांना डोकेदुखी.

अलीकडची लाट २०२०–२१ ची. करोनाच्या टाळेबंदीत सलून-पार्लर बंद, चेहरा दिवसभर व्हिडिओ कॉलच्या चौकटीत आणि हाताशी कात्री, अशी ती परिस्थिती होती. महाराष्ट्रात सलून उघडायला जून २०२० ची अखेर उजाडली. तोवर अनेकींनी समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ पाहून न्हाणीघरातल्या आरशासमोर स्वतःचे केस कापून घेतले होते. टाळेबंदी उठली तरी ही रीत गेली नाही.

कापण्याची रीत : कात्रीपेक्षा कंगव्याचे काम जास्त महत्त्वाचे आहे. किती केस पुढे घ्यायचे हे ठरवताना झालेली चूक कात्रीने सुधारत नाही. मधला भांग पाडून कंगवा डोक्यावर पुढून मागे आडवा टेकवला, की एका जागी टाळू सपाट लागते आणि तिथून पुढे डोके कपाळाकडे उतरू लागते व कंगवा अधांतरी राहतो. हा उतार जिथे सुरू होतो त्याच्या मागचे केस घ्यायचे नाहीत. बहुतेकींच्या बाबतीत ही जागा कपाळावरच्या केसांच्या कडेपासून दोन-तीन बोटे मागे येते. तो झाला त्रिकोणाचा शेंडा. पायाचे दोन कोपरे भुवयांच्या बाहेरच्या टोकांच्या वर, केसांच्या कडेशी. या त्रिकोणातले केस पुढे विंचरून घ्यावेत आणि बाकीचे सगळे मागे क्लचरमध्ये घट्ट अडकवून टाकावेत. कानशिलावरच्या पातळ केसांना हात लावू नये. तिथे केस मुळात विरळ असतात. ते कापले गेले की चेहऱ्याच्या बाजूला खिंडार पडल्यासारखे दिसते आणि मागचे केस बांधल्यावर ते आणखी उघडे पडते.

केस धुतलेले, बिनतेलाचे आणि कोरडे असावेत. ओला केस ताणला जातो, वाळल्यावर आखडतो. कुरळा आणि लहरी केस तर बोटभर वर चढतो. ओल्या केसांवर नाकाच्या दांड्याशी कापलेली बट वाळल्यावर भुवईवर येऊन बसते, आणि घरी बिघडलेल्या बहुतेक बँग्जचे कारण हेच असते. पार्लरमधल्या बाई ओल्यावर कापतात ते सवयीने आलेल्या अंदाजाच्या जोरावर. सरळ केस किंचित दमट असताना कापले तरी चालतात, पण मग दोन सेंटिमीटर जास्तीचे ठेवावेत. कुरळ्या केसांना सुकल्यावर जसे पडतात तसेच ठेवून, एकेक गुंडी पाहत कापावे लागते. त्यांच्यावर कंगवा फिरवून मग मोजमाप करण्यात अर्थ नाही.

आता त्रिकोणातले सगळे केस नाकासमोर एकत्र आणून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत धरायचे. ताणायचे नाही. बोटे खाली नाकाच्या शेंड्यापर्यंत सरकवायची आणि बोटांखालचे केस कात्री उभी धरून, टोकाने टोचत टोचत कापायचे. कात्री आडवी चालवली तर झाडूसारखी बोथट कड येते. उभी चालवली तर टोके विरळ, पिसासारखी होतात. मध्याकडे ओढून कापलेले बाजूचे केस सोडल्यावर आपोआप लांब पडतात, कारण त्यांना कपाळाच्या कडेपासून नाकापर्यंत तिरपे यावे लागलेले असते. साऱ्या रचनेचे भूमितीचे गणित एवढेच आहे. उतार आणखी हवा असेल तर भांग पाडून एकेक बाजू पुढे घ्यावी आणि आतल्या आखूड टोकापासून बाहेर, खालच्या दिशेने तिरपी कात्री टोचत जावी.

पहिली कापणी हव्या त्या लांबीपेक्षा खालीच ठेवावी. मग केस दोन्हीकडे सोडून, मान हलवून, बोटे फिरवून पाहावे आणि लागेल तेवढे वर जावे. डाव्या-उजव्या बटा हनुवटीखाली ओढून जुळवण्याचा मोह इथे टाळायला हवा. डावी जरा लांब म्हणून डावी कापली, मग उजवी लांब वाटली म्हणून उजवी, असे करत बँग्ज भुवयांच्या वर जातात. चेहराच मुळात दोन्हीकडे सारखा नसतो. चालताना, बोलताना अर्ध्या सेंटिमीटरचा फरक कुणाला दिसत नाही.

केसांना पीळ घालून एका फटक्यात कापण्याची युक्ती बरीच पसरली आहे. ती सोपी दिसते, पण पिळाच्या कोणत्या थरातला केस कुठे कापला जातो यावर ताबा राहत नाही. दाट, लहरी केसांत ते खपून जाते; पातळ, सरळ केसांत पायऱ्या पडतात. कात्री केस कापण्याचीच, पाच ते सहा इंची घ्यावी. कागदाच्या किंवा स्वयंपाकघरातल्या कात्रीच्या पात्यांतून केस निसटतो, चेमटतो आणि टोकाला फाटे लवकर फुटतात. थिनिंगची दातेरी कात्री पहिल्या खेपेला दूरच ठेवलेली बरी.

कुणाला जमते : चेहरा गोल की लांबट यावरून कोणती केशरचना कुणाला शोभेल हे सांगणारे तक्ते फॅशनच्या पुरवण्यांतून वर्षानुवर्षे छापले जातात. कर्टन बँग्जच्या बाबतीत त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण लांबी गालफडांशी ठेवायची की हनुवटीशी, यावर सारे बदलते. खरा प्रश्न केसांचा असतो. कपाळाच्या कडेला भोवरा असेल तर तिथली बट उलट्या दिशेने उभी राहते. अशा वेळी बँग्ज लांब ठेवाव्यात, म्हणजे वजनाने ती बसते. भांगाशी केस आधीच विरळ असतील तर पुढे आणखी केस ओढल्याने टाळू उघडी पडते. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांत केस भराभर गळू लागतात. हे गळणे बहुधा आपोआप थांबते, पण ते चालू असताना कात्री हातात घेऊ नये. त्या काळात कपाळाशी नवे आखूड केस स्वतःहूनच येतात. चष्मा असेल तर भांगाजवळची लांबी चष्म्याच्या दांडीखाली उतरलेली असावी, नाहीतर टोके दिवसभर काचेवर घासत राहतात.

बसवणे : केसातल्या केराटीन या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना अनेक बंधांनी जोडलेल्या असतात. त्यांतले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना, गार होताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ड्रायर, रोलर, गोल ब्रश यांची सारी करामत या एका गोष्टीवर उभी आहे. म्हणून न्हाऊन आल्यावर बाकीचे केस टॉवेलात गुंडाळून आधी बँग्जकडे पाहावे. त्या आखूड असल्याने सर्वांत आधी वाळतात आणि वेड्यावाकड्या वाळल्या की तशाच अडून बसतात.

ड्रायरचे तोंड मुळाकडून टोकाकडे, वरून खाली धरून बँग्ज आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे विंचरत सुकवल्या, तर भोवऱ्याचा हट्ट मोडतो. नंतर सगळ्या बँग्ज पुढे आणि वर ओढून मोठ्या गोल ब्रशवर किंवा व्हेल्क्रोच्या रोलरवर चेहऱ्यापासून मागे गुंडाळायच्या, थोडी गरम हवा द्यायची आणि रोलर गार होईपर्यंत काढायचा नाही. गरम असतानाच काढला तर झोक टिकत नाही. रोलर निघाल्यावर बोटांनी भांग पाडून दोन्ही बाजू मागे झटकल्या की काम झाले. स्ट्रेटनर वापरायचा तर गालफडाशी आल्यावर मनगट बाहेर वळवावे, आणि केस पुरते कोरडे असल्याची खात्री करून घ्यावी. ओल्या केसावर तापलेली पट्टी फिरली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ्या पडतात आणि तो तिथेच तुटतो.

दक्षिण कोरियात कपाळावर रोलर लावूनच रस्त्याने, मेट्रोने जाणाऱ्या मुली नवलाच्या नाहीत. तिथल्या घटनात्मक न्यायालयाच्या प्रभारी प्रमुख न्यायाधीश ली जंग-मी या १० मार्च २०१७ रोजी, राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या महाभियोगाचा निकाल द्यायला आल्या, तेव्हा गडबडीत त्यांच्या डोक्यामागे दोन गुलाबी रोलर तसेच राहिले होते. ते छायाचित्र देशभर गाजले.

निगा : कपाळाच्या त्वचेचे तेल बँग्जमध्ये उतरते, त्यामुळे बाकीचे केस स्वच्छ असताना त्या चिकट दिसू लागतात. रोज डोक्यावरून न्हाण्याची गरज नाही. मागचे केस बांधून नुसत्या बँग्ज बेसिनशी धुता येतात. रात्री चांगले माखून तेल लावायची सवय असेल तर बँग्ज चापाने मागे घेऊन झोपावे, एरवी तेलाने कपाळावर पुळ्या येतात.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात या रचनेची परीक्षा होते. जुलैत हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. हवेतल्या ओलाव्यानेच हायड्रोजन बंध पुन्हा सुटतात आणि सकाळी घातलेला झोक लोकलमधून उतरेपर्यंत गेलेला असतो. स्प्रेने थोडा वेळ निभावतो, एवढेच. पुण्यात दुचाकीवर स्कार्फ आणि हेल्मेट यांखाली तीच गत कोरड्या हवेतही होते. दोन्हीवर व्यवहारी तोड एकच : बँग्ज हनुवटीकडे झुकणाऱ्या, लांब ठेवाव्यात, म्हणजे प्रवासात चापाखाली मागे घेता येतात.

आकार टिकवायचा तर चार ते सहा आठवड्यांनी टोके टोचून घ्यावी लागतात. नको झाल्या तर वाट पाहण्यावाचून इलाज नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. नाकाच्या दांड्याशी कापलेली बट हनुवटीला टेकायला आठ-दहा महिने लागतात.