गुंग महाल आणि बाळाचे पहिले शब्द

मूल आपोआप बोलायला लागते, हा समज फार जुना आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की, इजिप्तचा राजा सामेटिकस याने दोन तान्ही मुले एका मेंढपाळाकडे सोपवली. त्यांच्यासमोर कोणी एक शब्दही बोलायचा नाही, असा हुकूम होता. दोन वर्षांनी मुले 'बेकोस' म्हणाली. फ्रिजियन भाषेत याचा अर्थ भाकरी. म्हणून तीच भाषा सर्वांत जुनी ठरली! खरे तर, मुलांच्या कानावर रोज शेळ्यांचे 'बें बें' पडत होते, त्याचीच ती नक्कल असावी.

सोळाव्या शतकात अकबर बादशहानेही हे करून पाहिले. बदायुनीने लिहिल्याप्रमाणे सुमारे 20 तान्ही मुले एका घरात ठेवली. सांभाळायला दाया होत्या, पण त्यांना बोलायची मनाई होती. काही मुले दगावली. उरलेली तीन-चार वर्षांनी मुकीच निघाली. त्या घराला 'गुंग महाल' म्हणजे मुक्यांचा महाल हे नाव पडले.

तिथे दूध होते, निवारा होता. बोलणारे माणूस नव्हते. म्हणून बाळाला न्हाऊ घालताना, भरवताना त्याच्याशी बोला. त्याने हुंकार दिला की उत्तर द्या. मोबाइल असे उत्तर देत नाही.

आणि लक्षात ठेवा, बाळाला ऐकू येत नसेल तर भरलेले घरही त्याच्यासाठी गुंग महालच असते. 12 महिन्यांपर्यंत 'बाबाबा' अशी बडबड नाही, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही किंवा 2 वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, तर "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, कानांची तपासणी करून घ्या.