संघातला बोलण्याचा नियम आणि आपल्या बैठका

बैठकीत एकाने एका विषयावर एकदाच, फार तर दोनदा बोलावे, असे सुचवले की आपले तरुण लगेच उसळतात. ज्यांना शतकानुशतके बोलू दिले नाही, त्यांनाच पुन्हा गप्प बसवता काय? आक्षेप पोकळ नाही. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव दिले, त्यामागे हाच इतिहास आहे. म्हणूनच बोलण्यावरची मर्यादा कोणी घातली, कोणावर घातली आणि कशासाठी घातली, हे तपासले पाहिजे.

त्यासाठी आम्हाला जुन्नर-आंबेगावच्या कार्यकर्त्यांना दूर जावे लागत नाही. जुन्नरभोवती मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा या डोंगरांत लेणीच लेणी आहेत. लेण्याद्रीचे सातवे लेणे, जिथे आज गिरिजात्मज गणपती आहे, ते मुळात विहार आहे : मध्ये मोठे दालन आणि तीन बाजूंना भिक्खूंच्या वीस खोल्या. शिवनेरीवर चित नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दान दिल्याचा लेख आहे. इतकी माणसे एकत्र राहायची म्हणजे मतभेद आलेच. ते कसे मिटवायचे, याचे नियम विनयपिटकात आहेत.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी याच नियमांकडे बोट दाखवले. ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे संघाला ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले. संघात विषय आधी ञत्ति म्हणून, म्हणजे प्रस्ताव म्हणून मांडला जाई. मग साध्या कामात एकदा आणि महत्त्वाच्या कामात तीनदा विचारणा होई. मान्य असणाऱ्याने शांत राहायचे, विरोध असणाऱ्याने बोलायचे. म्हणजे होकाराची भाषणे बादच! आपल्या बैठकांतला अर्धा वेळ ‘आधीच्या वक्त्यांशी मी सहमत आहे’ यातच जातो. सीमेतला आजारी भिक्खू येऊ शकत नसेल तर त्याची संमती आणावी लागे. नाहीतर संघ अपुरा आणि निर्णय अवैध. रीतसर मिटलेला वाद पुन्हा उकरणे हा दोष मानला जाई.

मोठी कसोटी वैशालीत लागली. परंपरेनुसार महापरिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वज्जीपुत्तक भिक्खूंच्या दहा गोष्टींवर, त्यांत सोने-चांदी स्वीकारण्यावरही, वाद पेटला. चुल्लवग्ग सांगतो की सभेत बोलण्याला अंतच राहिला नाही आणि कोणाच्याच बोलण्याचा अर्थ लागेना. तेव्हा संघाने उब्बाहिका नेमली : पूर्वेचे चार, पश्चिमेचे चार, अशा आठ भिक्खूंची समिती. रेवतांनी एकेक मुद्दा विचारला, सब्बकामींनी उत्तर दिले. पण तेवढ्यावर प्रकरण मिटवले नाही. हेच प्रश्न मला भर संघात पुन्हा विचारा, म्हणजे बाकीच्या भिक्खूंची खात्री पटेल, असे सब्बकामींनीच सांगितले आणि तसे झाले. आठ जणांनी बोलायचे, पण निर्णय सर्वांसमोर सिद्ध करायचा. आमच्या मते या साऱ्या कथेतली सर्वात मोलाची गोष्ट हीच.

याच संघात दुसरी मर्यादाही होती आणि ती झाकण्याचे कारण नाही. परंपरेने दिलेल्या आठ गरुधम्मांनुसार भिक्खू भिक्खुणींना उपदेश करू शकत, भिक्खुणींनी मात्र भिक्खूंना करायचा नाही. ही चर्चा सुधारणारी मर्यादा नव्हे. एका बाजूचे तोंड बंद करणारी आहे. जुन्नरच्याच एका शिलालेखात धम्मुत्तरीय निकायाच्या भिक्खुणी-उपाश्रयाचा उल्लेख आहे. म्हणजे इथे भिक्खुणी होत्या, त्यांना दान मिळत होते. त्या काय बोलल्या, हे मात्र दगडावर कोणी कोरले नाही.

आज आपल्या जयंती समितीच्या बैठकीत तेच चार-पाच जण दहा-दहा वेळा उठतात. मागे बसलेल्या बाया, कामावरून दमून आलेला मजूर, पहिल्यांदाच आलेली कॉलेजची मुलगी तशीच घरी जाते. नियम नसला की मोकळीक सर्वांना मिळते, हा भ्रम आहे; ती मोठ्या आवाजाला मिळते. पण मर्यादा घालायची तर अध्यक्षापासून सर्वांना एकच हवी. ग्रामसभेत वस्तीच्या पाण्याचा प्रश्न निघाल्यावरच ज्यांना ‘वेळ संपली’ आठवते, त्यांच्या नियमाला आपण नियम म्हणायचे कारण नाही.

वर्षावासातल्या पुढच्या बैठकीसाठी आम्ही एवढेच सुचवतो : जो दोनदा बोलला त्याने थांबावे, न बोललेल्यांना आधी विचारावे, न आलेल्यांचे मत घरी जाऊन आणावे आणि विरोध करणाऱ्याला तिसऱ्यांदाही उठू द्यावे.