राजपुत्राच्या अंगावरची मूठ

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात दोन वर्षांच्या मुलाचं एक चित्र आहे. लालसर पायघोळ झगा, त्यावर पांढरंशुभ्र एप्रन, एक हात छोट्या खुर्चीच्या पाठीवर टेकलेला. खुर्चीत एक पांढरी कुत्री पसरली आहे. पोराचा चेहरा इतका फिकट की आपल्याकडच्या एखाद्या आजीनं आधी त्याच्या कपाळावर हात ठेवून बघितला असता. मग तिची नजर एप्रनवर लोंबणाऱ्या वस्तूंकडे गेली असती आणि तिला सगळं उमजलं असतं. एक घंटा, सुगंधी द्रव्याची गोल डबी आणि इवलीशी मूठ. पोराला दृष्ट लागते आहे, असं घरच्यांना वाटत होतं!

घर म्हणजे माद्रिदचा राजवाडा. हा स्पेनचा युवराज फेलिपे प्रोस्पेरो, आणि चित्रकार वेलाझ्केझ. साल १६५९.

स्पॅनिशमध्ये त्या मुठीला हिगा म्हणतात. अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीतून बाहेर काढायचा आणि मूठ आवळायची, झाली हिगा. शब्दाचं कूळ अंजिराशी जाऊन भिडतं. इटलीतही या मुद्रेचं नाव अंजिरावरूनच पडलं आहे, आणि हे अंजीर खाण्यातलं नव्हे. ते स्त्रीच्या गुह्यांगाचं गावरान नाव. थोडक्यात, ही हातानं दिलेली शिवी. दान्तेच्या नरकात एक चोर दोन्ही हातांनी हीच मुद्रा करून थेट देवाला दाखवतो. अशी ओंगळ खूण तान्ह्या मुलांच्या अंगावर कशी आली?

ती रोमनांकडून आली, आणि त्यांच्या दृष्टीनं ओंगळपणा हाच तिचा गुण होता. त्यांच्याकडे ‘फास्किनुम’ नावाचा लिंगाच्या आकाराचा ताईत असे. पहिल्या शतकातला प्लिनी लिहून ठेवतो, की हा देव तान्ह्या बाळांचं रक्षण करतो आणि विजयी सेनापतींचंही. त्यांच्या रथाखाली तो टांगलेला असे. म्हणजे ज्याचं कौतुक फार, त्यालाच धोका फार. उत्खननांत सापडलेल्या रोमन ताइतांपैकी कित्येकांच्या एका टोकाला लिंग आणि दुसऱ्या टोकाला ही मूठ आहे. पुढे लिंग गळून पडलं, मूठ उरली. तर्क सरळ होता. वाईट नजर बाळाच्या चेहऱ्यावर ठरण्याआधीच तिच्यापुढे काहीतरी निर्लज्ज धरायचं, म्हणजे ती तिथंच अडखळते. आपली तीट त्याच घराण्यातली, फक्त जास्त सभ्य.

स्पेनमध्ये या मुठीला आपला दगड मिळाला. दगड म्हणायचं इतकंच. असाबाचे म्हणजे कोट्यवधी वर्षं दडपलं गेलेलं लाकूड, कोळशाचं उच्चकुलीन भावंड. वजनाला हलकं, काळंभोर, घासलं की आरशासारखं चकाकणारं. ते आस्तुरियात सापडे आणि सांतियागो दे कोंपोस्तेलाचे कारागीर ते कोरत. त्यांची स्वतंत्र श्रेणी होती, आणि तिथल्या कॅथीड्रलच्या उत्तरेकडच्या चौकाला आजही त्यांच्याच धंद्याचं नाव आहे. संत याकोबाच्या यात्रेला आलेला भाविक शिंपल्याच्या खुणेबरोबर तिथून काळी मूठही घेऊन घरी जाई. १६११ मध्ये कोवाररुबियासनं स्पॅनिश भाषेचा कोश छापला, तेव्हा त्यात हिगाची शिवी म्हणून नोंद आहे आणि पोरांच्या अंगावर टांगायची वस्तू म्हणूनही. या काळ्या मुठीबद्दल समज असा, की जबर दृष्ट लागली तर मूठ तडकते आणि बाळ वाचतं.

मुठीच्या जोडीला पोवळं असे. ओव्हिडनं सांगितलेल्या कथेत पर्सियसनं मेदुसाचं कापलेलं मुंडकं समुद्रातल्या शेवाळावर ठेवलं आणि ते शेवाळ कडक होऊन पोवळं झालं. जिच्या नजरेनं माणसांचे दगड होत, तिच्याच रक्तातली ही वस्तू. नजरेवर उतारा म्हणून आणखी काय हवं? बाळांना पोवळं बांधतात हे प्लिनीनं नोंदलंच आहे, शिवाय तो आपल्याकडेही बोट दाखवतो: आम्हाला हिंदुस्थानातल्या मोत्यांचं जेवढं वेड, तेवढं तिकडच्या लोकांना आमच्या पोवळ्यांचं. हा सौदा पुढे कित्येक शतकं चालला. लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातली पोवळी लिस्बनमार्गे गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत.

हे सगळं एका पट्ट्यावर ओवून तो पट्टा राजघराण्यातल्या मुलांना बांधत. फेलिपे प्रोस्पेरोची सख्खी आत्या आना. तिचं १६०२ मधलं, पान्तोखानं काढलेलं चित्र माद्रिदच्या देस्काल्सास रेआलेस मठात आहे. पाळण्यातून नुकतीच बाहेर आलेली मुलगी, आणि अंगावर क्रूस, हिगा, पोवळं यांची दाटी. देवाचा क्रूस आणि ती शिवी शेजारीशेजारी नांदताहेत आणि कुणालाच त्यात वावगं वाटलेलं नाही. ही आना पुढे फ्रान्सची राणी झाली, चौदाव्या लुईची आई झाली आणि ६४ वर्षं जगली.

भाच्याच्या नशिबी तेवढं नव्हतं. त्याच्या बापाचा, राजा चौथ्या फिलिपचा, थोरला मुलगा बाल्तासार कार्लोस १६४६ मध्ये सोळाव्या वर्षी गेला. त्याची नियोजित वधू होती मारियाना, राजाच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. तीन वर्षांनी राजानं त्याच भाचीशी स्वतः लग्न लावलं. आपल्या देशातही मामा-भाचीची लग्नं होतात, पण हाब्सबुर्गांनी नात्यातल्या नात्यात सोयरीक करण्याचा हा धंदा पिढ्यान् पिढ्या चालवला होता. २८ नोव्हेंबर १६५७ रोजी मुलगा झाला आणि त्याचं नाव ठेवलं प्रोस्पेरो, म्हणजे भरभराटीचा. त्याला झटके येत. पुढच्या वर्षी आणखी एक भाऊ झाला, तो वर्षाच्या आतच गेला. वेलाझ्केझचं चित्र व्हिएन्नाच्या सम्राटाला, म्हणजे मारियानाच्या भावाला धाडलं ते स्पेनला वारस आहे हे दाखवायला. वेलाझ्केझला कुणी खोटं बोलायला सांगितलं असेल, तर त्यानं ते ऐकलेलं नाही.

१६६० मध्ये चित्रकार वारला. १ नोव्हेंबर १६६१ रोजी, चार वर्षंही पुरी होण्याआधी, मुलगा गेला. पाचच दिवसांनी मारियानाला पुन्हा मुलगा झाला. तो कार्लोस, शेवटचा स्पॅनिश हाब्सबुर्ग. २००९ मध्ये अनुवंशशास्त्रज्ञांनी या घराण्याची वंशावळ मोजली, तेव्हा कार्लोसचा आप्तसंकर गुणांक ०.२५४ निघाला; सख्ख्या बहीण-भावाच्या अपत्याचा असतो त्याहूनही किंचित जास्त. आई-बाप तेच, म्हणून प्रोस्पेरोचाही आकडा तोच. १५२७ ते १६६१ या काळात स्पेनच्या राजघराण्यात ३४ मुलं जन्मली, त्यांतली १७ दहा वर्षांची होण्याआधीच गेली. नजर बाहेरची नव्हती. कार्लोस निपुत्रिक मेला तो १ नोव्हेंबर १७०० ला, थोरला भाऊ गेला त्याच तारखेला, आणि त्याच्या गादीसाठी युरोपभर युद्ध पेटलं.

मूठ मात्र जहाजातून केव्हाच अटलांटिकपार गेली होती. ब्राझीलमध्ये आज ती लाकडाचीही करतात. क्युबा आणि प्वेर्तो रिकोत बाळाच्या मनगटाला सोन्याच्या साखळीत काळी असाबाचे आणि लाल पोवळं बांधतात, आपण मनगट्या घालतो तसं. काळा दगड तडकला तर टाकून देतात आणि दुसरा आणतात.