मेसोपोटेमियाच्या मोहिमेतील लष्करी वैद्यकसेवा

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियात (आधुनिक इराक) चालविलेल्या मोहिमेत जखमी व आजारी सैनिकांची झालेली दुर्दशा, हे लष्करी वैद्यकसेवेवरील अपुऱ्या तरतुदीच्या परिणामांचे ठळक उदाहरण होय. मोहिमेचा प्रारंभीचा भार पुण्यास मुख्यालय असलेल्या सहाव्या डिव्हिजनवर पडला. तीत १०३ व ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा या तीन मराठा पलटणी होत्या. त्यांत कोकण व देशावरील शेतकरी कुटुंबांतून आलेल्या शिपायांचा मोठा भरणा होता.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या आरंभी लष्करी खर्च ही हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकातील अत्यंत मोठी बाब होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मधील आपल्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणापासून मध्यवर्ती कायदेमंडळात या खर्चावर सातत्याने टीका केली. सरसेनापती लॉर्ड किचेनर (कार. १९०२–०९) यांनी लष्कराची पुनर्रचना हाती घेतली, परंतु पुढे अफूच्या व्यापारापासून मिळणारे उत्पन्न घटू लागताच सरकारने काटकसरीचे धोरण अंगीकारले. लष्करी गरजा व खर्च यांचा मेळ घालण्यासाठी १९१२ मध्ये लॉर्ड निकल्सन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. गोखल्यांचा आक्षेप खर्चाच्या एकूण आकारमानावर होता. प्रत्यक्षातील काटकसरीची झळ मात्र लढाऊ पलटणींपेक्षा वैद्यकसेवा, वाहतूक व राखीव साठा या अंगांना अधिक पोहोचली. कारण शांततेच्या काळात त्यांची उणीव सहसा नजरेस येत नाही.

गोऱ्या सैनिकांसाठी छावण्यांतून सुसज्ज रुग्णालये होती. हिंदी शिपायांचे उपचार मात्र पलटणींच्या छोट्या दवाखान्यांत होत व तेथे प्रशिक्षित परिचारकवर्ग पुरेसा नसे. वायव्य सरहद्दीवरील लहान मोहिमांच्या मापाने उभारलेली ही यंत्रणाच दूरदेशीच्या मोठ्या युद्धात वापरली गेली.

मोहीम व दुर्दशा : ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाव येथे सैन्य उतरले आणि त्याच महिन्यात बसरा हस्तगत झाले. पुढे जनरल टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखाली सैन्य टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने सरकत गेले. रस्ते व लोहमार्ग यांच्या अभावी सर्व भिस्त जलमार्गावर होती. तथापि जखमींसाठी नदीतून चालणारी एकही सुसज्ज रुग्णनौका नव्हती. नोव्हेंबर १९१५ मधील टेसिफॉनच्या लढाईत सु. ४,६०० सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. वैद्यकीय पथकांची सिद्धता याच्या मानाने फारच तोकडी होती. जखमींना खेचरांच्या बिनस्प्रिंगांच्या मालगाड्यांतून नदीकाठी आणण्यात आले व तेथून आगबोटी आणि पडावांवर दाटीवाटीने चढविण्यात आले. अनेकजण जवळजवळ दोन आठवड्यांच्या प्रवासानंतर बसऱ्यास पोहोचले, तेव्हा त्यांच्या जखमा चिघळलेल्या होत्या. ‘वरेला’ या रुग्णनौकेवरील वैद्यकीय अधिकारी मेजर कार्टर यांनी या स्थितीची तक्रार केली असता वरिष्ठांनी त्यांनाच धमकावले. जखमींची स्थिती समाधानकारक असल्याचे मात्र तारेने कळविण्यात आले होते.

माघार घेतलेले सैन्य कुत अल् अमारा येथे वेढ्यात सापडले. अन्नटंचाई व रोगराई यांनी ग्रासलेल्या या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. उपरोक्त तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या.

लोकवर्गणीचा आधार : शासकीय तरतुदीतील उणीव काही अंशी देणग्यांनी भरून निघाली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या पुढाकाराने ‘लॉयल्टी’ ही रुग्णनौका हिंदी सैनिकांसाठी सज्ज झाली. मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाच्या नव्या वास्तूत लष्करी रुग्णालय चालले. जखमींना लागणारे कपडे व इतर वस्तू पुरविण्यासाठी मुंबई इलाख्यात निधीही उभारला गेला. मात्र अशा मदतीने जखमी मुंबईस पोहोचल्यानंतरचे हाल कमी झाले. रणभूमी ते बंदर या टप्प्यातील उणीव तिने भरून निघणे शक्य नव्हते.

चौकशी व सुधारणा : मार्च १९१६ मध्ये व्हिन्सेंट व बिंगले यांची चौकशी समिती नेमली गेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायद्यान्वये मेसोपोटेमिया आयोग स्थापन केला. जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने वैद्यकीय व्यवस्थेच्या अपयशावर कठोर ठपका ठेवला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलिन यांनी राजीनामा दिला. आयोगाने स्थानिक अधिकाऱ्यांच्या चुकांबरोबरच युद्धपूर्व काटकसरीचीही दखल घेतली.

१९१८ मध्ये हिंदी सैनिकांसाठी छावणी-रुग्णालयांची पद्धत मंजूर झाली व १९२० मध्ये इंडियन हॉस्पिटल कोअर अस्तित्वात आले. १९४३ मध्ये विविध सेवांचे एकत्रीकरण होऊन सेना वैद्यकीय दल स्थापन झाले. १९४८ मध्ये पुण्यास सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या शहरातील डिव्हिजनला ही झळ सर्वप्रथम बसली, तेच पुढे लष्करी वैद्यकशिक्षणाचे केंद्र बनले. लष्करी वैद्यकसेवा युद्ध सुरू झाल्यावर घाईने उभारता येत नाही; वैद्य, परिचारक, वाहने व औषधे यांसाठी शांततेच्या काळातच नियमित तरतूद करावी लागते, हा या मोहिमेचा चिरस्थायी धडा होय.