'निगेटिव्ह' आल्यानंतर : खोकला, दमा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र

आजचा विषय आहे प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि श्वासाचे जुनाट आजार. त्यात मुख्य दोन. एक दमा. दुसरा, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात तो. यात फुप्फुसातल्या हवेच्या वाटा कायमच्या अरुंद होतात आणि चार पावलं चाललं तरी धाप लागते. आम्ही डॉक्टर नाही, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा औषधं सांगणं हे आमचं काम नव्हे. आपण इतिहासाला एकच प्रश्न विचारणार आहोत. खोकणारा माणूस केंद्रात आला, त्याची थुंकी तपासली, अहवाल 'निगेटिव्ह' आला. पुढे त्याचं काय झालं?

सुरुवात भोर समितीपासून करू. समितीचा अहवाल आला १९४६ साली. त्यातला अंदाज असा की देशात क्षयाचे सुमारे २५ लाख रोगी आहेत, वर्षाला ५ लाख माणसं त्याने मरतात, आणि त्यांच्यासाठी खाटा आहेत सुमारे ६ हजार. या हिशेबापुढे दम्याचा विचार कोण करणार? १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली, ती साथी, बाळंतपणं, लसीकरण यांसाठी. त्यांचा सगळा हिशेब दिवसांचा. ताप आला, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, रोगी बरा झाला. जो आजार दहा-वीस वर्षं सोबत राहतो, त्याला या हिशेबात रकानाच नव्हता.

क्षय मात्र अपवाद ठरला, आणि त्याची गोष्ट आपल्या अभिमानाची आहे. १९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र निघालं. तिथे काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना घरी ठेवून तीच औषधं वर्षभर दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले. डोंगरावरची हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती यांवर उभी असलेली सॅनेटोरियमची कल्पना इथे ढासळली. जुनाट आजार गरिबाच्या खोलीत राहूनही सांभाळता येतो, फक्त औषध नियमित मिळालं पाहिजे आणि कुणीतरी पाठपुरावा केला पाहिजे, हे साऱ्या जगाने मद्रासकडून शिकून घेतलं.

आता दुसरा अभ्यास. त्याच १९५९ साली बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिथल्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात जाऊन क्षयाच्या रोग्यांना विचारलं, तुम्हाला त्रास जाणवतो का, त्यासाठी काय केलंत? १९६३ साली तो अभ्यास छापून आला. तोवर समज असा होता की खेडूत अडाणी, त्याला आजाराची जाणीवच नसते. निघालं उलटंच. बहुतेकांना लक्षणं कळत होती, आणि निम्म्याच्या आसपास लोक आपण होऊन सरकारी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना काय मिळालं? खोकल्याच्या औषधाची बाटली.

मंडळी, ही बाटली लक्षात ठेवा. माणूस आला नव्हता असं नाही. तो आला होता, त्याला विचारलं गेलं नाही.

क्षयाच्या बाबतीत ही चूक हळूहळू दुरुस्त झाली. १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम, मग १९९७ चा सुधारित कार्यक्रम. खोकला आधी तीन आठवडे, पुढे दोन आठवड्यांहून जास्त असेल तर थुंकी तपासायची, रोग्याच्या नावाचं कार्ड करायचं, तो आला नाही तर त्याच्या घरी जायचं. पण कार्ड कोणाचं? ज्याच्या थुंकीत जंतू सापडला त्याचं. बाकीचे खोकणारे? त्यांच्यासाठी तुमकूरची ती बाटली तशीच राहिली.

इथे आमचा धंदा थोडा आडवा येतो, क्षमा करा. आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेत 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला आहे. पण त्याला अट आहे : अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, त्याला 'प्रतियोगी' म्हणतात. 'जमिनीवर घडा नाही' या वाक्यात घडा प्रतियोगी. तेवढ्यावरून जमिनीवर काहीच नाही असं म्हणता येत नाही, तिथे चटई असू शकते. 'निगेटिव्ह' या अहवालाचा प्रतियोगी आहे क्षयाचा जंतू. त्याचा अर्थ 'या बाईला काही झालेलं नाही' असा आपण कधी करून टाकला, ते आपल्याला कळलंसुद्धा नाही. हा तर्कातला दोष, पण त्याची किंमत श्वासाने चुकवावी लागते.

ही 'चटई' कुणाला दिसलीच नव्हती असंही नाही. दिल्लीत डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली फुप्फुसाच्या आजारामुळे हृदयावर ताण आलेल्या १२७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या बायका होत्या, आणि पद्मावतींनी चुलीच्या धुराकडे बोट दाखवलं. पुढे १९८० च्या दशकात कर्क स्मिथ यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढचा धूर यंत्राने मोजला. तरीही 'सीओपीडी म्हणजे विडी ओढणाऱ्या पुरुषाचा आजार' हा समज टिकलाच. आमची आई सत्तरीत दोन पायऱ्या चढून थांबायची, भिंतीला हात टेकायची. आम्ही घरातले सगळे म्हणायचो, वय झालं. फुंकणी घेऊन तिने किती वर्षं चूल फुंकली, हा हिशेब आमच्यापैकी कोणी केला नाही. शिकलेल्यांच्या घरातली ही कथा.

आता आकडे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१८ साली आलेल्या अंदाजानुसार भारतात १९९० मध्ये सीओपीडीचे २ कोटी ८१ लाख रोगी होते, २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख. दम्याचे आणखी पावणेचार कोटींच्या पुढे. तरी २०१० साली असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याच्या नावात कर्करोग, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात होते, श्वास नव्हता. सीओपीडी त्यात नंतर आला. आज आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात धाप लागते का आणि स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, हे विचारलेलं असतं. तुमकूरनंतर अर्धशतकाने का होईना, प्रश्न कागदावर आला. ही लहान गोष्ट नाही.

पण विचारल्यानंतर पुढे काय? अनेक ठिकाणी अजून तेच : धाप वाढली की वाफ, एक इंजेक्शन, उतार पडला की घरी. दम्यात श्वसनमार्गाची सूज कमी करणारं, श्वासावाटे घ्यायचं औषध १९७२ पासून उपलब्ध आहे. ते रोज घ्यायचं असतं, बरं वाटत असतानाही. 'पंपाची सवय लागते' या भीतीने लोक ते सोडतात, आणि समजावून सांगायला वेळ कोणाकडे नसतो.

'एवढ्याशा केंद्रावर आणखी बोजा कशाला, क्षयाकडे दुर्लक्ष होईल,' असा आक्षेप येतो. आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला उत्तर दिलं पाहिजे. दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतात ४० दवाखान्यांत एक प्रयोग झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या दवाखान्यांतल्या परिचारिकांना खोकल्याचा आणि धापेचा सगळा विचार एकत्र करायला शिकवलं : क्षय, दमा, सीओपीडी, न्यूमोनिया. तिथे दम्याची योग्य औषधं जास्त रोग्यांना मिळाली, आणि क्षयाचे रोगीही जास्त सापडले. म्हणजे खोकणाऱ्याला नीट विचारलं तर दोन्हीकडे फायदा.

साधनंही फार महाग नाहीत. फुंकर किती जोरात बसते हे मोजणारी एक साधी नळी असते, पीक फ्लो मीटर. साल्ब्युटामॉलचे दोन झोत द्यायचे, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा फुंकायला लावायचं. आकडा २० टक्क्यांनी वाढला तर दम्याची शक्यता बळकट, असं जागतिक आरोग्य संघटनेची प्राथमिक केंद्रांसाठीची पद्धत सांगते. पंपाला जोडायचा स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून काम भागतं, हेही दक्षिण आफ्रिकेतच १९९९ मध्ये दाखवलं गेलं.

आणि पाठपुरावा? तो आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. नावाचं कार्ड, महिन्याची भेट, चुकला तर घरी चक्कर, हे सगळं आपल्या केंद्रांनी क्षयासाठी केलेलं आहे. तीच पद्धत 'निगेटिव्ह' माणसाच्या नावाने सुरू करायची आहे. क्षयरोगी काही महिन्यांत बरा होऊन कार्ड बंद होतं. याचं कार्ड बंद होणार नाही, एवढाच फरक. आणि खरी अडचणही तीच, कारण बरं न होणाऱ्या माणसाची कामगिरी कोणत्या रकान्यात लिहायची हे आपल्या व्यवस्थेने अजून ठरवलेलं नाही. तो दोन जिने चढला, रात्री झोपला, यंदा दवाखान्यात भरती व्हावं लागलं नाही, हे यश म्हणून मोजायला आपण शिकलं पाहिजे.

तेव्हा मंडळी, कोणाच्या हातात 'निगेटिव्ह' लिहिलेला कागद दिसला तर एकच विचारा : हे नाही, मग काय आहे? थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.